वलांडीवर वाळत घातलेले बूट

फुटबॉलच्या बुटांची चोरी! तक्रार आली तेव्हा ठाण्यातले सगळे गालात हसले होते. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली, मोठमोठ्या तपासांचे तपशील पुसट झाले, पण ही तक्रार काही डोक्यातून जात नाही.

वसई भागातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. एका खासगी निवासी शाळेचे मुख्याध्यापक सकाळीच तावातावाने आले. तालुक्यातल्या शाळांच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना दुसऱ्या दिवशी होता आणि क्रीडाखोलीतून त्यांच्या अख्ख्या संघाचे बूट गायब झाले होते. संशय समोरच्या संघावर, म्हणजे अर्नाळ्याच्या बाजूच्या एका सरकारी शाळेवर. ती पोरं कोळीवाड्यातली, अनवाणी खेळणारी.

"बूट नाहीत म्हणून आमचे नेले, दुसरं काय! गुन्हा दाखल करा. त्यांना स्पर्धेतून बाद करायला लावतो," मुख्याध्यापक म्हणाले.

मी जागेची पाहणी केली. कुलूप शाबूत होतं. किल्ली व्हरांड्यात दाराच्या चौकटीमागे ठेवलेली असायची आणि ती जागा शाळेतल्या सगळ्यांना ठाऊक होती. बाहेरच्याला कशी सापडणार? हे मी तेव्हा मनातच ठेवलं.

दुपारच्या आत सरकारी शाळेच्या क्रीडाशिक्षिका आपल्या पोरांना आणि त्यांच्या आईबापांना घेऊन स्वतःच हजर झाल्या. जवळच्याच ख्रिस्ती गावातल्या, बोलायला एकदम फटकळ.

"साहेब, ह्यांची शाळा जिल्हाभर फिरून चांगली पोरं निवडते, फी माफ करून वसतिगृहात ठेवते. आमचा गेल्या वर्षीचा कॅप्टनसुद्धा त्यांनीच नेला. आम्ही पटावर आहेत ती पोरं खेळवतो. वय सारखं म्हणून दोघांना एकाच गटात टाकतात. एवढं करून आमची पोरं पहिल्यांदा फायनलला आली, तर आता चोर ठरवता?"

मुलं अल्पवयीन, म्हणून मी साध्या कपड्यांत, पालकांच्या समोरच एकेकाला विचारलं. कोणी गांगरलं नाही. एक तर म्हणाला, "साहेब, आमाला बूट घालून खेलताच येत नाय. नेऊन करनार काय?"

मला पटलं. पण तेवढ्यात कोळीवाड्यातून एका म्हातारीचा फोन आला. "ओ साहेब, आमच्या वलांडीवर बोंबलांच्या बाजूला कोनी मेल्यानं बूट सुकत घातलेत. बोंबलांना वास लागंल, लवकर न्या!"

वलांडी म्हणजे मासळी सुकवायचा बांबूंचा मांडव. जाऊन पाहतो तर सगळे बूट ओलेगच्च, नाडीला नाडी बांधून, जोडीजोडीने नीट अंतरावर टांगलेले. जवळच्या एका होडीच्या तळात पाणी साचलं होतं आणि त्यात रिकामं पोतं पडलं होतं. बूट तिथे लपवले, ते भिजले आणि चोराच्या जिवाला चैन पडली नाही. कोळ्याच्या घरात ओला माल ढिगाने ठेवत नाहीत, कुजतो. हाडात मुरलेली ती सवय चोरी करतानाही सुटली नव्हती.

"सापडले ना कोळीवाड्यातच?" मुख्याध्यापकांचा चेहरा खुलला.

पंचनामा करून बूट शाळेत नेले आणि संघाला आपापले जोड उचलायला सांगितलं. सगळे बूट एकाच दुकानातले, एकाच रंगाचे, मापंही जवळपास सारखी. तरीही एकालाही डावा-उजवा बदलून घ्यावा लागला नाही. पोत्यात सरमिसळ झालेले बूट ज्याने टांगले, त्याला कोणता कोणाचा हे माहीत होतं. म्हणजे चोर कोळ्याच्या घरचा आणि खेळणारा ह्याच संघातला. असा एकच होता, ह्या शाळेने सरकारी शाळेतून नेलेला आणि आता इथेही कॅप्टन असलेला तो पोरगा.

त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं आणि मुलाला समोर बसवलं. फार विचारावं लागलं नाही.

"ते माझे दोस्त आहेत, साहेब. आमच्या बुटाखाली त्यांचा पाय आला की नख उपटून निघतं. म्हटलं, आमच्याही पायात नसले तर बरोबरीची मॅच होईल. नंतर ठेवून देणार होतो."

वडिलांनी कपाळाला हात लावला. फीमाफीची जागा गेली तर ह्याचं शिक्षण संपलं, एवढंच ते बोलले.

मुख्याध्यापक त्याचं नाव शाळेतून काढून टाकायला निघाले होते. मी म्हटलं, "काढा की! मग उद्या गोल तुम्ही मारा." त्यांनी तो विचार सोडला. अल्पवयीन मुलाची किरकोळ चोरी, माल परत मिळालेला. कायद्याप्रमाणे ठाणे डायरीत नोंद घेतली आणि समज देऊन मुलाला वडिलांच्या ताब्यात दिलं. त्याची जागा वाचली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सामन्याला गेलो. बूट सुकले नव्हते, शिवाय बोंबलाचा वास असा की कोणी पायात घालेना. दोन्ही संघ अनवाणी उतरले. पोराला हवं होतं तेच झालं.

मध्यंतरापर्यंतच निकाल लागल्यात जमा होता. खासगी शाळेचे गोलांवर गोल झाले, त्यात कॅप्टनचेही होते. निवडून आणलेली पोरं ती, बूट असोत नसोत, काय फरक पडणार?

सामना संपल्यावर तो जुन्या दोस्तांकडे गेला. त्यांच्या गोलरक्षकाने त्याच्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाला, "बूट घालूनच हरवायचं होतंस रे. घरी सांगायला काहीतरी झालं असतं."

पोरगा तिथेच मैदानात बसला आणि हमसाहमशी रडला. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

क्रीडाशिक्षिकाबाईंनी नंतर पोरं निवडून आणणाऱ्या शाळांचा गट वेगळा करावा म्हणून अर्ज केला. त्यावर ठाण्याचा शेराही मागितला. तो माझ्या अधिकारात नव्हता, पण जे पाहिलं ते मी स्वतःच्या सहीने लिहून दिलं. वय सारखं म्हणजे बरोबरी, असंच मी तोवर धरून चाललो होतो. ती सामन्याच्या कितीतरी आधी, पोरं निवडली जातात तिथेच बिघडलेली असते, हे मला त्या तपासाने शिकवलं. कोळीवाड्यातल्या पोरांवरचा चोरीचा आळ मी पुसला, पण त्यांच्याजवळची हरण्याची एकमेव सबब त्यांच्याच दोस्ताने, मायेपोटी, काढून घेतली होती. ती परत मिळवून देणं कुठल्याही पोलिसाच्या हातात नव्हतं.