आल्तारापुढचा नांगर

देवावर चिडू नये, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. पण त्या दिवशी मी चिडले, आणि चांगलीच चिडले.

आमच्या सासूबाईंची संत क्लेमेंटवर फार श्रद्धा. सुरुवातीच्या पोपांपैकी ते एक. गळ्यात नांगर बांधून त्यांना समुद्रात बुडवलं, म्हणून दर्यावर जाणाऱ्यांचे ते वाली. त्यांच्या सणाला सासूबाईंनी आमच्या बोटीचा नांगर दिरांकडून घरी आणवला, फादरकडून त्यावर पवित्र पाणी शिंपडून घेतलं, आणि नऊ दिवसांची प्रार्थना होईपर्यंत झेंडूचा हार घालून घरातल्या आल्तारापुढे, म्हणजे आमच्या देवघरापुढे, ठेवला. ह्यांना सांगायचं मात्र राहिलं. मला वाटलं त्या सांगतील, त्यांना वाटलं मी सांगेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दर्यातून ह्यांचा फोन. "अगं, मशीन बंद पडलं. खालून पाणी शिरतंय. नांगर कुठं ठेवलाय? जाळ्याखाली नाय." मी आल्तारापुढे बघितलं. तोंड उघडणार तेवढ्यात फोन कट!

"आई, काय करून ठेवलंत हो! चार माणसं आहेत त्या बोटीत!"

"तो हाय ना त्यांच्यासंगती," सासूबाई जपमाळ ओढत म्हणाल्या.

"तो आहे, नांगर नाहीये!"

कोळीवाड्यातल्या दोन बोटी शोधायला निघाल्या, पण बोट नेमकी कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी घरी येऊन संतांच्या तसबिरीपुढे उभी राहिले. "तुमच्या गळ्यात नको तेव्हा नांगर, आणि माझ्या माणसाला हवा तेव्हा नाही. हा कुठला न्याय, सांगा!" खूप बोलले. घसा बसला. एरवी मीच देवाला सांगते, असं कर, तसं कर. त्या दुपारी सांगण्यासारखं काही उरलंच नाही. शेवटी म्हटलं, "करा तुम्हाला काय करायचं ते." ती प्रार्थना होती की नुसता वैताग, देव जाणे.

संध्याकाळी बोट धक्क्याला आली, एका परक्या बंदराच्या ट्रॉलरमागे दोराने बांधलेली. चौघंही सुखरूप. हे म्हणाले, "नांगर असता तर टाकून तिथंच थांबलो असतो, आणि तासाभरात बुडालो असतो. तिथं कोण फिरकत नाय. पाण्याची ओढ आम्हाला ह्या लोकांच्या वाटेवर घेऊन गेली."

सासूबाईंनी फक्त माझ्याकडे बघितलं. त्याचाच जास्त राग आला. काहीतरी सुनावायला गेले आणि रडूच कोसळलं. ह्यांचा ओला, मासळीचा वास मारणारा शर्ट घट्ट धरून मी धक्क्यावर सगळ्यांदेखत रडले.

स्वभाव काही बदलला नाही. आजही आधी चिडतेच. पण माझ्या हातात नसलेलं आता सोडून देते. सोडून दिल्यावरच तर माझं माणूस मला परत मिळालं.