खोली दोनची फाईल

मी चौथीपर्यंत शिकले. तरी पॅकहाऊसमधल्या थंड खोल्या माझ्या ताब्यात होत्या, कारण देठ बघून घड किती दिवस टिकेल ते मी सांगायची आणि माझं सहसा चुकत नसे. दिंडोरी रस्त्यावरचं ते पॅकहाऊस नव्वदच्या सुमारास सुरू झालं तेव्हा प्रत्येक खोलीच्या दारावर थंडी दाखवणारा एक काटा आणि ती कमी-जास्त करणारं एक बटण होतं. डाळिंब असलं की बटण पाचावर, द्राक्ष असलं की शून्यावर. फिरवलं तिथंच ते राहायचं. लाईट जावो नाहीतर येवो.

दोन हजारनंतर शेठनी कॉम्प्युटर आणला. तो बसवणारा इंजिनीअर नाशिकहून मोटारसायकलवर यायचा. दुपारी माझ्या डब्यातली भाकरी खायचा, म्हणून मी त्याला अरे-तुरे करायची. त्यानं दारावरचे काटे आणि बटणं काढून टाकली.

"मावशी, आता सगळं फायलींत. एका खोलीची एक फाईल, फायलीत एकच आकडा. वाचायचा, बदलायचा."

"इंग्रजी असेल ते."

"पेट्यांवरचं एबीसीडी वाचता ना? तेवढं पुरे. फाईलचं नावच खोली दोन ठेवलंय."

कोणती अक्षरं दाबायची ते त्यानं वहीच्या पानावर लिहून दिलं. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. नाव आपल्या भाषेतलं, आत एकच आकडा, आणि वापरात नसलेल्या खोलीची फाईल दिसतच नसे. घडातले खराब मणी छाटणाऱ्या बाया म्हणायच्या, "मावशी उद्यापासून दप्तर घेऊन येणार." मी म्हणायची, "येईन, आणि तुम्हाला अंगठे धरून उभं करीन."

फाईल म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. शेठच्या कपाटात फायली होत्या. आत ठेवलेला कागद आतच राहतो.

त्या हंगामात खोली दोनमध्ये आधी सटाण्याकडचं डाळिंब होतं. ते गेलं आणि परदेशी जाणारी द्राक्षं भरली. मी फाईल उघडली, पाचाच्या जागी शून्य केलं, पुन्हा उघडून बघितलं. शून्य. तासाभरानं परत बघितलं. शून्य. शेठ दोन दिवस येवल्याला लग्नाला निघाले होते आणि कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप लावत होते.

"मावशी, खोली दोन?"

"शून्यावर हाय. माझा शब्द."

त्या दुपारी भारनियमन झालं. जनरेटर मिनिटाभरात आपोआप चालू झाला. कुणी मान वर करून बघितलं नाही, मीही नाही.

तिसऱ्या दिवशी माल घ्यायला गाडी आली आणि दार उघडलं. एरवी दात वाजायचे. त्या दिवशी वाजले नाहीत. देठ तपकिरी पडले होते, पेटी हलवली की मणी गळत होते. गिऱ्हाइकाच्या माणसानं तीन पेट्या बघितल्या, चौथी उघडू दिली नाही. शेठनी कॉम्प्युटरवर फाईल उघडली. पाच.

इंजिनीअरला बोलावलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आकडा टाकायचा राहिला असेल. मावशींना नवीन आहे."

"मी दोनदा बघितला," मी म्हणाले.

"मग पाच कुठून आला?" शेठनी मला विचारलं. त्याला नाही.

मी त्याला जनरेटरपाशी गाठलं. "आता खरं बोल."

"मावशी, ती तशी फाईल नाहीच. कुठं ठेवलेली नसते. तुम्ही उघडली की मशीन तेवढ्यापुरती लिहून दाखवतं."

"आणि मी लिहिलेलं?"

"मशीन बंद होईपर्यंत राहतं. लाईट गेली की ते बंद पडतं, आणि परत चालू झालं की मुळातला आकडा येतो. पाच."

"कधीपासून ठाऊक हाय तुला?"

"पहिल्यापासून. तुम्ही घाबरला असता."

"घाबरले असते तर कुलपाची किल्ली मागून घेतली असती. मग तिला फाईल का म्हणालास?"

"सगळे तसंच म्हणतात."

मी शेठना कॉम्प्युटरपाशी नेलं. त्यांच्यासमोर शून्य लिहिलं, दाखवलं, मशीन बंद करून परत चालू करायला लावलं. पाच आला.

"समजलं मला, मावशी. पण मशीन त्यालाच कळतं. हंगाम अर्धा बाकी हाय, त्याला आता दुखवून चालायचं नाही."

शेठनी गिऱ्हाइकाला सांगितलं, आमच्या बाईकडून चूक झाली. मी शेजारी उभी होते.

फायलीसारखं दाखवायला माझी आजही हरकत नाही. सोपं पडतं. पण लिहिलेलं टिकणार नसेल तर पहिल्या ओळीत तसं लिहा, नाहीतर लिहूच देऊ नका. उघडून बघितल्यावर माझा आकडा मला दाखवायचा आणि माझी पाठ फिरली की दुसरा, ही बनवाबनवी झाली. माणूस असं वागला असता तर आम्ही त्याला दारात उभं केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "लाईट गेली की हा आकडा राहत नाही", आणि तो पडद्याच्या वरच्या कडेला चिकटवला. दुपारी इंजिनीअरनं काढून टाकला. पाहुणे येणार होते, बरं दिसत नाही म्हणाला.

त्यानं लिहून दिलेलं वहीचं पान मी त्याच्या हातात परत दिलं आणि मणी छाटायला जाऊन बसले. त्यानंतर डबाही एकटीच खाल्ला.