सोहनीकाकांची सर्वांत वाईट खेळाडू

श्री. प्रभाकर सोहनी यांची आणि माझी पहिली भेट झाली ती माझी पुरती फजिती होत असताना. अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. नागपूरहून अमेरिकेत ट्रॉयला येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते आणि आमच्या ऑफिसच्या टीमने गोल्फच्या सरावाच्या मैदानावर आउटिंग ठरवलं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा क्लब हातात धरला, जीव खाऊन फिरवला, आणि बॉल होता तिथेच राहिला. दुसऱ्या वेळी तो उजवीकडे उडाला आणि शेजारच्या टेबलावरच्या लेमोनेडच्या ग्लासात जाऊन पडला. "अगं बाई!" मी ओरडले. टीम खो खो हसत होती. ज्यांच्या अंगावर लेमोनेड सांडलं होतं ते पांढऱ्या टोपीतले गृहस्थ मात्र शर्ट पुसत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "मराठी दिसताय. येत्या रविवारी सकाळी मोकळ्या आहात का?"

"कशासाठी?" मी जरा घुश्शातच विचारलं.

"तुमच्याइतकं वाईट खेळणारं माणूस मी दोन वर्षं शोधतोय." चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

ज्यांना काकांचं लेखन माहीत नाही त्यांना या वाक्याचा उलगडा व्हायला हवा. काका मूळचे सांगलीचे. डेट्रॉइटच्या मोटार उद्योगात तीस वर्षं त्यांनी गाड्यांचे ब्रेक तपासले, आणि निवृत्तीनंतर देशभरचे गोल्फ कोर्स तपासायला घेतले. आपल्या मराठी मंडळाच्या त्रैमासिकातलं 'हिरवळीवरून' हे त्यांचं सदर. त्याचं इंग्रजी भाषांतर मी करते आणि ते मंडळाच्या वेबसाइटवर जातं. काकांचे नियम ब्रेकच्या चाचणीसारखेच कडक आहेत. आपण कोण हे मॅनेजरला सांगायचं नाही, फुकट खेळायचं नाही, कार्टमध्ये न बसता अठराही होल चालत खेळायचे. आणि प्रत्येक कोर्स दोनदा खेळायचा, एकदा आपल्या बरोबरीच्यांशी आणि एकदा अगदी वाईट खेळणाऱ्याला सोबत घेऊन. "चांगल्या खेळाडूला मैदान कसं वागवतं हे कोणीही लिहील," ते म्हणतात. "नवख्याला कसं वागवतं, त्यावरून मैदानाचे संस्कार कळतात."

तर त्या रविवारपासून मी त्यांची अधिकृत वाईट खेळाडू झाले. या पदाला मी अठरा वर्षांत कधी धक्का लागू दिला नाही. ओरेगॉनमध्ये समुद्रकाठच्या एका नामांकित कोर्सवर मी अकरा बॉल पाण्याला अर्पण केले आणि मागच्या लोकांनी इतके उसासे टाकले की मला रडायला आलं. काकांनी त्या कोर्सच्या देखणेपणाबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि उरलेला लेख त्या उसाशांवर लिहिला. उलट विस्कॉन्सिनमधल्या एका साध्या कोर्सवर पहिल्या होलजवळ उभे असलेले म्हातारेबुवा मला फक्त "सावकाश खेळा, दिवस मोठा आहे" एवढंच म्हणाले होते, तर काकांनी त्यांच्यावर अख्खा परिच्छेद खर्ची घातला.

या प्रवासांचं निम्मं श्रेय मंदाकाकूंचं. काकू स्वतः कधी येत नाहीत. "एवढासा बॉल खड्ड्यात घालायला अ‍ॅरिझोनापर्यंत कशाला जायचं? मागच्या अंगणात खणून देते की एक," असं म्हणत त्या तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा गाडीत ठेवतात. डबा रिकामा परत आला नाही तर त्या आम्हा दोघांचीही झडती घेतात.

काकांच्या मायेचा एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. माझी नोकरी गेली तेव्हा व्हिसाच्या नियमाने दुसरी शोधायला माझ्याकडे साठ दिवस होते. मी घराबाहेर पडणं बंद केलं होतं. काका दर मंगळवारी गाडी घेऊन दारात यायचे, मला नऊ होल खेळायला लावायचे आणि एका होलकडून दुसऱ्याकडे चालताना इंटरव्ह्यूचे प्रश्न विचारायचे. उत्तर फसलं की म्हणायचे, "पुन्हा." 'होईल सगळं ठीक' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांना ते माहीत नव्हतं, म्हणून म्हणाले नाहीत. सत्तेचाळिसाव्या दिवशी मला नोकरी लागली तेव्हा आधी त्यांना फोन केला आणि मग आईला.

अशा माणसाशी मी खोटं बोलले, हे आता लिहायचं आहे.

तीन वर्षांपूर्वी काकांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला. कडेचं दिसतं, पण समोरचं नेमकं मधलंच धूसर. गाडी चालवणं सुटलं, वाचन सुटलं. हात मात्र शाबूत होते. ते बॉल मारायचे आणि विचारायचे, "कुठे?" मी सांगायचे. मी त्यांचे डोळे झाले, आणि प्रत्येक कोर्सच्या दोन फेऱ्यांऐवजी आम्ही दोघं मिळून एकच फेरी खेळू लागलो.

उत्तर मिशिगनमध्ये सामुद्रधुनीवरच्या मोठ्या पुलापलीकडच्या जंगलातल्या एका कोर्सवर आम्ही गेलो त्या दिवशी माझं मनगट मुरगळलेलं होतं. मी खेळणार नव्हते, नुसती पुढे चालून बॉल बघणार होते. पहिलाच बॉल झाडीत गेला. काकांनी विचारलं, "कुठे?" तो आवाज मी ओळखत होते. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारताना त्यांचा जसा लागतो तसा लागला होता. मी पायाने बॉल गवतावर सरकवला आणि म्हटलं, "मधोमध आहे, काका." एकदा केलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. त्या दिवशी मी नऊ बॉल असे सरकवले. काकांचा स्कोअर झाला चौऱ्याण्णव. परतताना गाडीत ते चक्क गाणं गुणगुणत होते. मला वाटलं, पुण्यच केलं की मी.

पुढच्या अंकात काकांनी लिहिलं की हा कोर्स वय झालेल्यांना मोकळी वाट देतो, कमी दिसणाऱ्यानेही इथे बेलाशक यावं. मी त्याचं भाषांतर केलं. तेव्हाही गप्प बसले.

दोन महिन्यांनी शॉमबर्गच्या एका वाचक काकूंची ईमेल आली. काकांना दर शनिवारी मी पत्रं वाचून दाखवते, तशी हीही वाचू लागले. "सोहनीसाहेब, माझे मिस्टर गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच खेळणार होते. तुमचं वाचून आम्ही सहा तास ड्राइव्ह करून तिथे गेलो." इथे माझे डोळे पुढच्या ओळींवर गेले. त्या ओळी गाळल्या असत्या तर काकांना कळलंही नसतं. पण मी वाचल्या. "सगळे बॉल झाडीत गेले. चौथ्या होलनंतर हे बसूनच राहिले. म्हणाले, सोहनींना डोळ्यांनी दिसत नाही तरी त्यांना जमतं, म्हणजे आपलंच संपलं गं. तेव्हापासून यांनी क्लबला हात लावलेला नाही."

मी लॅपटॉप बंद केला आणि सगळं सांगून टाकलं. काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"मी त्या दिवशी तिथूनच मंदाला फोन केला होता. म्हटलं, अजून जमतंय मला." मग म्हणाले, "घरी जा, संध्या."

तीन आठवडे त्यांचा फोन आला नाही. सदर तर बंद झालंच, माणूसही गमावला, असं धरून मी चालले होते. मग एका गुरुवारी फोन वाजला. "मनगट बरं आहे का? शनिवारी निघू. त्याच कोर्सवर. तूही खेळायचंस."

पहिल्या होलवर काकांनी बॉल मारला. "कुठे?"

"झाडीत, काका. डावीकडे. सापडायचा नाही."

"दुसरा दे."

पुढचे सतरा होल हेच चाललं. सातव्या होलवर माझा धीर सुटला आणि मी रडायलाच लागले. काका म्हणाले, "रडतेस कशाला? बॉल बघ." स्कोअर झाला एकशे बारा. माझा विचारू नका.

काकांनी पुढच्या अंकात लिहिलं की मागचा अभिप्राय चुकीचा होता, वाईट खेळाडूला न खेळवताच तो लिहिला, नियम त्यांनी स्वतः मोडला, खरा स्कोअर एकशे बारा आहे आणि तिथे जाताना बॉल भरपूर न्यावेत. शॉमबर्गला त्यांनी स्वतः फोन लावला. पलीकडचे काका म्हणाले, "अहो, चार होलांत माझे सत्तावीस झाले होते!" आपले काका म्हणाले, "माझे अठ्ठावीस. चला, उन्हाळ्यात बरोबर खेळू." ते दोघे आता दर जूनमध्ये खेळतात आणि 'तुम्हाला काहीच दिसत नाही' असं एकमेकांना म्हणत भांडतात.

मंडळात मात्र तेव्हा वेगळीच चर्चा झाली. डोळे गेले, आता काकांनी लिहिणं थांबवावं, असं बैठकीत त्यांच्यासमोर बोललं गेलं. काका ऐकत बसले. मी उठून बोलणार होते, तर त्यांनी माझा हात दाबला. बाहेर आल्यावर म्हणाले, "लेख माझ्या नावाने छापला, चूकही माझ्याच नावावर राहील. तू कुणाला सांगायचं नाहीस." मी दोन वर्षं त्यांचं ऐकलं.

आज त्यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात मी त्यांचा शब्द मोडते आहे. मंडळींनो, काकांच्या डोळ्यांनी तुम्हाला फसवलं नव्हतं. ते मी केलं होतं, प्रेमापोटी आणि भित्रेपणापोटी, आणि दोष त्यांनी निमूट स्वतःवर घेतला.

काका, हा लेख तुम्हाला मीच वाचून दाखवणार आहे. इथपर्यंत आल्यावर तुम्ही "पुरे" म्हणाल, तरी मी थांबणार नाही. शंभर वर्षं जगा असं सगळेच लिहितील, मीही लिहिते. तुमचे पाय असेच ठणठणीत राहोत, काकूंच्या पुऱ्या तुम्हाला पचत राहोत. आणि तुम्ही "कुठे?" असं विचाराल त्या प्रत्येक वेळी मी शेजारी असेन, आणि बॉल जिथे असेल तिथेच आहे म्हणून सांगेन.