आईचा न काढलेला फोटो

बाळू, मुंबईची गाडी घाट उतरण्याआधी लोणावळ्याला जरा जास्त थांबते, म्हणून त्या दिवशी तुला वाटलं होतं, फोटो आरामात निघेल. मी नर्सच्या नोकरीसाठी इंग्लंडला निघाले होते. तू काम करायचास त्या फोटो स्टुडिओच्या मालकाचा कॅमेरा मागून आणला होतास आणि भुशी धरणावर फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना सांगतोस तसं आम्हालाही दरडावत होतास, "हलू नका! हसा!" आई कसली हसतेय. तिला माझी वेणी सैल दिसली होती.

"फोटू मागनं काड. पोरीची येणी सुटलीय, मुंबईपत्तूर न्हाई टिकायची," म्हणत तिनं मला बाकावर बसवलं आणि वेणी पार सोडून पुन्हा घालायला घेतली. मी चिडलेच. चारचौघांत हे काय, मी आता लहान आहे का! पण एरवी भराभर वेणी घालणारी आई त्या दिवशी एकेक पेड इतका सावकाश घालत होती, की गार्डाची शिट्टी झाली तेव्हा कुठे शेवटची गाठ बसली. मी धावत डब्यात चढले. फोटो राहिलाच.

इथे बर्मिंगहॅमला माझा स्वतःचा कॅमेरा आहे. वॉर्डातला ख्रिसमस, पहिला बर्फ, ओव्हरकोटात बुडालेली मी, सगळ्याचे फोटो आहेत. पण अल्बम चाळताना त्या बर्फाला मी हात तरी लावला होता का, ते आठवत नाही. वेणीचं मात्र सगळं आठवतं. चिखलात भाताची रोपं लावून, आवणीनं चिरलेली तिची बोटं केसांत अडकायची. मधेच तिनं हात थांबवला आणि माझ्या डोक्यावर नुसता ठेवला. ते केस मी इथे कधीच कापून टाकलेत, तरी ड्यूटीची टोपी घालताना तो हात जाणवतो.

गेल्या महिन्यात आई गेली. मला येता आलं नाही, याचं दुःख कुणाला सांगू? मग तुझं पत्र आलं. भिंतीवर लावायला तिचा एकही फोटो नाही, सगळ्या जगाचे फोटो काढले आणि आईचा राहिला, ताई, तुझ्याकडे आहे का? नाही रे.

पण स्वतःला बोल लावू नकोस. ती वेणी घालत होती तेव्हा तू समोरच उभा होतास. आई "मागनं काड" म्हणाली होती खरी, पण बटण दाबताना तुझा हात कुणी धरला नव्हता. गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं, कॅमेरा तुझ्या गळ्यात तसाच लोंबत होता आणि तू डोळे पुसत होतास. फोटो काढायचा सोडून तू आईकडे बघत राहिला होतास.

इथे कुणी गाव विचारलं, तर मी अजून वलवणच सांगते. पण आई नसलेलं वलवण काही केल्या डोळ्यांपुढे येत नाही. माझं घर आता तुला आणि मला आठवतं तेवढंच उरलंय. माझी तर तिच्याकडे पाठ होती, म्हणून तिचे हात माझ्या वाट्याला आले. ते तुला सांगितले. चेहरा तू एकट्यानंच पाहिलास. मला फोटो नको, बाळू. माझी वेणी घालताना आई कशी दिसत होती, तेवढं लिही.