जुना पट्टा बाद झाला

चहा खाली ठेवा आधी. नाहीतर ठसका लागेल, आणि आळ माझ्यावर येईल. माझ्यासारखा शिकलेला मूर्ख तुम्ही पाहिला नसेल, हे मी स्वतःच सांगतो!

तेव्हा मी नागपूरला कॉलेजात शिकवत होतो. नवा नवा प्राध्यापक. त्यात एक जुनी पांढरी अ‍ॅम्बॅसडर घेतली. मग काय विचारता! गल्लीतल्या किराणा दुकानातसुद्धा मी गाडीनं जायचो.

एक दिवस गाडी सुरू केली की बॉनेटमधून आवाज यायला लागला. कुईऽऽ! अख्खी धरमपेठ वळून बघायची. सदर भागातल्या रशीदभाई मिस्त्रींना दाखवली. त्यांनी बॉनेट उघडलं, पंखा फिरवणाऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "प्रोफेसरसाब, ये पट्टा गया. आजच बदल डालो."

आता पट्टा म्हणजे काय? रबराचं एक कडं! त्याला काय होतं? कोणीतरी मला सांगितलं होतं की साबण चोळला की आवाज बंद होतो. मी दाढीचा साबण चोळला. आवाज बंद! रशीदभाईंना काय कळतं, असं मी चार लोकांत सांगूनही टाकलं. आवाज आला की साबण, आवाज आला की साबण. महिनाभर त्या पट्ट्याची माझ्यापेक्षा जास्त दाढी झाली.

त्याच सुमारास माझ्या धाकट्या मेहुणीचं लग्न ठरत होतं. नरखेडकडच्या एका गावात मुलाचं घर आणि संत्र्याची बाग पाहायला जायचं होतं. सासरे, सासूबाई आणि आमची सौ. सकाळच्या एसटीनं पुढे गेली. सौ.ला म्हटलं, "अगं, गाडी आहे ना आपली!" ती म्हणाली, "म्हणूनच."

मी मोठा जावई. रुबाबात निघालो. पांढरा सफारी, आणि बगलेत फाईल. फाईलमध्ये काय? गाडीचं माहितीपुस्तक!

काटोल मागे टाकलं आणि फटाक्कन आवाज झाला. समोर लाल दिवा लागला. थोड्या वेळानं बॉनेटमधून अशी वाफ निघाली, जणू कोणी आत इडल्या लावल्या आहेत. पाहतो तर पट्टा गायब! तुटून कुठे पडला, देव जाणे.

अर्ध्या मैलावर एक गाव दिसलं. फाईल घेऊन चालत गेलो. चौकात लिंबाखाली एक गृहस्थ बसले होते. नाव गुलाबराव, ते मागाहून कळलं.

"राम राम. इथे पट्टा कोणाकडे आहे का हो?"

ते एकदम उभे राहिले. "साहेब कुठून आले?"

"नागपूरहून."

"पट्ट्याच्याच कामानं?"

"मग दुसऱ्या कशाच्या! जुना पट्टा बाद झाला. नवा झाल्याशिवाय मी इथून हलत नाही."

गुलाबरावांचा चेहरा पांढराफटक पडला. चपला तिथेच टाकून ते पळत सुटले.

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं! त्या गावातली निम्मी माणसं सरकारनं दिलेल्या जमिनीवर पोट भरत होती. त्या जमिनीचा जो कागद असतो ना, त्याला म्हणतात पट्टा. आणि पांढऱ्या सफारीतला, फाईलवाला माणूस भर चौकात सांगतो, जुना पट्टा बाद झाला!

पंधरा मिनिटांत गाव गोळा झालं. माझ्यासाठी बाज आली, तिच्यावर नवी गादी आली. चहा आला, संत्र्याची टोपली आली. मी मनात म्हटलं, वा! एका गाडीसाठी केवढी ही माणुसकी!

मग मलाही शिकवायची सुरसुरी आली. सवयच ती! "प्रत्येकानं आपापला आणा," मी म्हणालो. "मी एकेक पाहतो. माप बरोबर पाहिजे."

"साहेब, मापात थोडंसं इकडचं तिकडं असलं तं?" मागून कोणीतरी विचारलं.

"बोटभर चालेल. त्याहून जास्त असला तर माझ्या काय कामाचा?"

मागे दोघंजण मटकन खाली बसले.

"बोटभर म्हणते ना गा!" एकजण दुसऱ्याच्या कानात बोलला. "तू तं चार हात सरकला आहेस!"

मला वाटलं, उन्हातून सावलीत सरकण्याचं काहीतरी बोलून राहिले.

तेवढ्यात सुगंधाबाई नावाची एक म्हातारी पुढे आली. छातीशी पत्र्याची पेटी. मी विचारलं, "आई, तुमच्याकडेही आहे? किती जुना?"

"माह्या सासऱ्याच्या वक्ताचा हाये, साहेब."

मी हसलो. बघा, हसलो! "अहो, इतका जुना नाही चालायचा. एका झटक्यात फाटेल."

"फाटन काहून?" म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. "फडक्यात बांधून ठेवला हाये. तीन एकर हाये साहेब, त्याच्यावरच घर चालते."

तीन एकर? पट्टा?

तिनं पेटी उघडली. आत पिवळा पडलेला कागद. त्यावर शिक्का, सर्व्हे नंबर, अंगठा. माझ्या हातातली संत्र्याची फोड तोंडापर्यंत गेलीच नाही. बाजेभोवती पाहिलं तर प्रत्येकाच्या हातात एकेक कागद, आणि सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"आई," मी कसाबसा म्हणालो, "मी सरकारी माणूस नाही. कॉलेजात मास्तर आहे. मला गाडीच्या पंख्याचा पट्टा पाहिजे. रबराचा."

म्हातारीनं कागद नीट घडी करून पेटीत ठेवला, कडी लावली आणि मग माझ्याकडे वळली.

"मंग इतक्या वेळ काहून नाही बोलला गा? माहा जीव गेला असता ना!" आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की फाईल खाली पडली. फाईलमधून पुस्तक निघालं, पुस्तकावर मोटारीचं चित्र. ते पाहून जे हसू फुटलं! गुलाबराव तर जमिनीवर लोळले. फक्त सरपंचांचा चेहरा पडला.

"पण मास्तर, तुमच्या पायी कोंबडी कापून झाली ना!"

आता कोंबडीला कोण समजावणार? जेवल्याशिवाय त्यांनी सोडलंच नाही.

जेवणं झाल्यावर धनराज नावाच्या शेतकऱ्यानं आपल्या विहिरीवरच्या इंजिनाचा पट्टा काढून गाडीपाशी आणला. मी पुस्तक उघडून पान शोधेपर्यंत त्यानं डायनामो ढिला केला, पट्टा चढवला, लाकडाच्या दांड्यानं डायनामो मागे रेटला आणि बोल्ट आवळला. मग अंगठ्यानं पट्टा दाबून दाखवला. "पाहा मास्तर, अर्धा इंच लवला पाहिजे. जास्त ढिला नाही, जास्त ताठ नाही."

रेडिएटरमध्ये पाणी ओतताना थोडं बाहेर सांडलं. गाडी सुरू केली आणि पुलीतून पांढराशुभ्र फेस! फसफस, फसफस! धनराज दोन पावलं मागे सरकला.

"मास्तर, हे गाडी आंघोळ करून राहिली काय?"

दाढीच्या साबणाचं मी कोणाला सांगितलं नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगतो आहे.

आता पुढचं ऐका. मला उशीर होणार म्हणून गुलाबरावांनी एका सायकलवाल्याबरोबर मुलाच्या गावी निरोप धाडला होता. निरोप काय? "पट्टेवाले साहेब जेवून निघतात." तीन कोसांच्या धुळीत, सायकलच्या हादऱ्यानं, त्यातलं 'साहेब' कुठेतरी गळून पडलं. उरलं ते पोचलं.

मी संध्याकाळी मुलाच्या दारात गाडी लावली. सफारी झटकली आणि ऐटीत ओसरीवर चढलो. मुलाचे वडील मोठे सज्जन. त्यांनी हात धरून मला बसवलं, स्वतः पाणी दिलं, आणि चारचौघांत मला वाईट वाटू नये म्हणून अगदी हळू, मायेनं विचारलं,

"जावईबापू, कोण्या हापिसात पट्टेवाले आहा तुम्ही? कोणतंबी काम हलकं नसते. पर्मनन्ट आहे ना?"

मी तोंड उघडणार, त्याआधी दारातून आमची सौ. म्हणाली,

"पर्मनन्ट आहेत हो. पण पट्ट्याचं काम अजून शिकून राहिले आहेत."