साभार परतीची पेटी

लेख नाकारणाऱ्या संपादकाचा आमच्या हिच्या मामांइतका आदरसत्कार अख्ख्या महाराष्ट्रात कुणी केला नसेल. लेख परत आला की बाकीचे लेखक संपादकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. मामा त्याला हापूसची पेटी पाठवतात. आरे-वारेच्या रस्त्याला त्यांची थोडी कलमं आहेत. निकाल लागायच्या आधी आंबा पाठवला तर ती लाच, लेख छापणाऱ्याला पाठवला तर तो मोबदला, आणि नाकारणाऱ्याला पाठवला तर मात्र निव्वळ प्रेम, हा त्यांचा कायदा. "अहो, वाचलंन ना त्याने एवढं? आमच्या घरात कोण वाचतंय?" असं म्हणून ते मामींकडे बघतात. मामी गरे सोलता सोलता सांगतात, "मी वाचते हो. पण झोप लागते."

मामींचाही दोष नाही. मामांचं वाक्य म्हणजे दाभोळची खाडी. या काठावरून निघालं की पलीकडचा काठ लवकर दिसत नाही. ते हाताने लिहितात, आणि टाइप करून मेल करायची शिक्षा मला. एकदा मी गुपचूप एक परिच्छेद गाळला, तर थेट गणपतीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. पुण्याच्या एका मासिकाने 'जागेअभावी साभार परत' असं कळवलं, तेव्हा मामा कळवळून म्हणाले, "खरंय हो, पुण्यात जागेची टंचाई आहेच!" आणि पेटीत चार आंबे जास्त भरले. मग काय विचारता! चैत्र लागला की नकार भराभर यायला लागले. एका संपादकाने तर लेख मिळायच्या आधीच नकार कळवला. त्यालाही पेटी गेली.

पण माणूस आतून झुरत होता. आपलं नाव एकदा तरी छापून यावं, एवढीच त्याची इच्छा. दर दिवाळीला अंक आणायचे, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवत खालपर्यंत जायचे आणि अंक मिटून म्हणायचे, "यंदा छपाई सुरेख आहे." मला तेव्हा त्यांच्याकडे बघवायचं नाही.

यंदा त्यांनी परसातल्या विहिरीच्या रहाटावर लिहिलं, आणि काय चमत्कार, लेख दोन पानांत संपला! आठवड्याभरात त्या पुण्याच्या संपादकांचाच फोन. "तुमचा कायदा मला पाठ आहे," ते म्हणाले, "पण काय करू, लेख आवडला. यंदा आंब्यांवर पाणी सोडलं. छापतोय." मामांनी ते 'छापतोय' दोनदा वदवून घेतलं. मामींनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली, शेजारच्यांच्यासुद्धा.

दोनच दिवसांनी बघतो तर मामा आंब्यांच्या अढीपाशी तोंड पाडून बसलेले.

"पुण्याच्या संपादकांची पेटी बाजूला काढून ठेवलेली हो. आता कुठच्या तोंडाने धाडू?"

"धाडा हो मामा, कोण विचारतंय!"

"मी विचारतो ना!"

इतकी वर्षं लेख नाकारले तेव्हा त्या गृहस्थाला आंबा, आणि छापला त्या वर्षी तो उपाशी, हे त्यांना गिळवेना. संध्याकाळी अर्धं पान घेऊन माझ्याकडे आले. "जावईबापू, हा लेख लगेच पुण्याला मेल करा. मुद्दाम भिकार लिहिलाय." मी वाचला. खरं सांगायचं तर नेहमीच्यापेक्षा फारसा फरक नव्हता, पण तोंड मिटून पाठवला.

चहा व्हायच्या आत उत्तर आलं. 'साभार परत. वाट बघतोय.'

मी मोठ्याने वाचून दाखवलं. मामांनी पेटी पुढ्यात ओढली आणि सुतळी बांधायला घेतली, पण गाठ काही केल्या बसेना. मग उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, "केवढा मोठा माणूस हो! वाचलंनसुद्धा नसेल."