बरोबर कोण आलंय?

आमच्या सोनोग्राफी विभागात पेशंटच्या खुर्च्या ढकलणारे मामा म्हणजे भलतेच बोलघेवडे. पेशंट कितीही घाबरलेला असो, दारातून टेबलापर्यंत नेईस्तोवर ते त्याला हसवणारच. "अहो, साधा फोटो काढायचाय, तोही पोटाचा! केस विंचरायचीसुद्धा गरज नाही." मी तिथली टेक्निशियन. हा विनोद ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

तपासताना सगळं ठीक असलं की डॉक्टर मॅडम पेशंटशी मुलाबाळांच्या गप्पा मारतात. नसलं तर गप्प होतात आणि शेवटी विचारतात, "बरोबर कोण आलंय?" मग मामा बाहेर जाऊन त्या नातेवाइकाला बोलावून आणतात. त्या दिवशी डबा खाताना ते एक शब्द बोलत नाहीत.

परवा कंपनीचा माणूस नवं मशीन दाखवायला आला. टेबलावर झोपायला कुणीतरी धडधाकट हवं होतं. मामांनी लगेच शर्ट वर केला. "घ्या! एवढं ऐसपैस पोट दुसरीकडे मिळायचं नाही."

पडद्यावर यकृत दिसलं, पित्ताशय दिसलं. कंपनीवाल्याची टकळी चालू होती, मामांची त्याहून जोरात. उजव्या मूत्रपिंडापाशी कंपनीवाला अडखळला. "बघा, चित्र किती स्वच्छ..." एवढं बोलून थांबलाच. मॅडमनी त्याच्या हातातून प्रोब घेतला आणि पुन्हा पुन्हा तिथेच फिरवला. मूत्रपिंडाच्या कडेला गोल गाठ होती.

ना दुखणं, ना ताप, ना लघवीत रक्त. सकाळीच तर या माणसानं एकट्यानं लोखंडी कपाट सरकवलं होतं! माझा डोळ्यांवर विश्वासच बसेना.

"काय मॅडम, जुळी आहेत का?" मामांनी विचारलं. कुणी हसलं नाही. तेव्हा त्यांनी मान वळवून मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मॅडमनी त्यांच्या पोटावरची जेल स्वतः पुसली. "मामा, गाठ दिसतेय. आजच सीटी स्कॅन करू, म्हणजे नीट कळेल. कॅन्सर निघाला तरी लहान आहे, काढता येईल. दुखायला लागेपर्यंत थांबलो असतो तर अवघड होतं." आणि मग सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलंच, "बरोबर कोण आलंय?"

मामा उठले, चपला घातल्या आणि नेहमीसारखे बोलवायला निघाले. दार उघडून त्यांनी बाहेरच्या बाकांवर नजर फिरवली आणि तिथेच थांबले.

"मी आलेय, मामा!" मी ओरडलेच, आणि त्यांची खुर्ची त्यांच्यापुढे ओढली.

मामा खुर्चीकडे बघत राहिले. एक शब्द बोलले नाहीत.